कानशीने घडलेला सूर

चाळीसगावचा वैशाख ज्यांनी अंगावर घेतला आहे, त्यांना लाकडाची व्यथा वेगळी सांगावी लागत नाही. पावसाळ्यात फुगून न लागणारी दारे उन्हाळ्यात खडखडू लागतात, पाटाला भेगा पडतात, जुन्या कपाटाच्या फळ्यांमधून पलीकडचे दिसू लागते. अशाच एका वैशाखात आमच्या घरातील तंबोरा उकलला. भोपळा आणि तबली यांच्या जोडावर बोटभर फट पडली आणि दादीजींच्या स्तवनाला जन्मभर साथ करणारा सूर एकाएकी घोगरा झाला.

दादीजी म्हणजे माझ्या सासूबाईंच्या सासूबाई. वय नव्वदीकडे झुकलेले. दृष्टी मंद झाली आहे, पण कान अजून तरुणाचे आहेत. सकाळच्या सामायिकानंतर तंबोरा मांडीशी घेऊन एक स्तवन म्हणावयाचे, हा त्यांचा लग्नापासूनचा नेम. त्यामुळे फट पडली ती नुसत्या वाद्याला नव्हे, त्यांच्या दिवसालाच.

प्रथम आम्ही सर्वजण करतात तेच केले. गावातील एका सुताराला बोलावले. त्याने फटीत पांढरा डिंक भरला, दोरी आवळली आणि चार दिवसांनी दोरी सोडली. जोड नीट दिसत होता. पंधरा दिवसांच्या उन्हात डिंक मऊ पडला आणि फट पुन्हा उघडली, या वेळी अधिकच. चूक सुताराची म्हणता येणार नाही. दार-खिडक्यांचे लाकूड आणि नाद देणारे लाकूड यांच्या गरजाच निराळ्या.

अखेर मी आणि माझा सोळा वर्षांचा मुलगा असे दोघे तंबोरा गोधडीत गुंडाळून मिरजेला निघालो. खानदेशातून मिरज दूर वाटते, पण महाराष्ट्र एक्सप्रेस चाळीसगावाहून मनमाड, दौंड, पुणे करीत थेट तेथे पोहोचविते. मुलगा गिटार वाजवितो. तंबोऱ्याविषयी त्याला आस्था नव्हती. ओझे उचलायला कोणीतरी हवे म्हणून तो आला होता.

तलवारीकडून तंबोऱ्याकडे

मिरजेत तंतुवाद्ये घडविण्याची परंपरा सुमारे पावणेदोनशे वर्षांची आहे. तिचा प्रारंभ फरीदसाहेब सतारमेकर यांच्यापासून मानला जातो. त्यांचे घराणे मूळचे शिकलगारांचे, म्हणजे शस्त्रांना धार आणि झिलई देणाऱ्यांचे. इंग्रजी अंमल स्थिरावला तशी तलवारींची मागणी ओसरली. पटवर्धनांच्या मिरज संस्थानात गाणे-बजावणे होते, गवयांची वाद्ये नादुरुस्त होत, आणि ती दुरुस्त करता करता या कुशल हातांनी नवी वाद्ये घडविण्यास आरंभ केला. धंदा बदलला, आडनावही बदलले. आज मिरजेत सतारमेकर गल्ली आहे आणि त्याच व्यवसायात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली अनेक घरे आहेत.

पुढे किराणा घराण्याचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले. १९३७ साली ते निवर्तले. त्यांची कबर तेथील ख्वाजा शमना मीरा दर्ग्याच्या आवारात असून, उरुसाच्या वेळी गायक-वादक आजही तेथे हजेरी लावतात. उत्तम कानांचे कलावंत आणि उत्तम हातांचे कारागीर एकाच गावात राहिले, हे मिरजेचे भाग्य. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

कार्यशाळा म्हणजे एक खोली

आम्ही ज्यांच्याकडे गेलो, ते कारागीर वयाने माझ्या वडिलांएवढे. मी त्यांना चाचा म्हणू लागले, ते मला ताई म्हणू लागले. त्यांची कार्यशाळा म्हणजे रस्त्यालगतची एक लांबट खोली. वर माळ्यावर वाळलेले भोपळे टांगलेले, भिंतीला दांड्या टेकलेल्या, जमिनीवर लाकडाचा भुगा. यंत्र म्हणावे असे एकच, भोके पाडण्याचे. बाकी सारे हाताचे.

भोपळा हा या वाद्याचा प्राण. हा खाण्याचा नव्हे. चवीला कडू आणि सालीला जाड असा हा भोपळा पंढरपूरच्या परिसरात भीमेच्या काठी पिकतो. वेलावरच तो पक्व होऊ देतात, मग महिनोन्‌महिने वाळवितात. वाद्यासाठी तो कापला की पाण्यात भिजवितात, कारण कोरडा भोपळा आकार घेत नाही आणि हट्ट केला तर तडकतो. भिजून नरम झालेल्या भोपळ्याच्या तोंडात आडव्या-उभ्या काटक्या ताणून बसवितात. त्या काटक्यांनी हवा तसा गोल धरून ठेवला की तो पुन्हा वाळतो आणि तोच आकार कायम राखतो. या काटक्या कोणत्याही दुकानात मिळत नाहीत. प्रत्येक भोपळ्याच्या मापाने त्या बसल्या जागी तासाव्या लागतात.

दांडीला आणि तबलीला तुणीचे लाकूड. हलके, रेषा सरळ आणि चांगले मुरलेले असेल तर वर्षानुवर्षे न वळणारे. या भागांवर वाकस, पटाशी, रंधा आणि कानस अशी ओळखीची अवजारे चालतात. पण चाचांच्या पुढ्यातील पेटी उघडली तेव्हा माझ्या मुलाचा चेहरा बदलला. तीत विकत घेतलेले अवजार अपवादानेच होते.

करवतीचे मोडके पाते घासून केलेली सुरी होती. तिची मूठ चिंध्यांनी गुंडाळलेली. झिजून गुळगुळीत झालेली कानस टोकाशी वाकवून, धार लावून तिचे भोपळ्याच्या आतून खरवडण्याचे हत्यार केलेले. सायकलच्या आऱ्याला टोकाशी आकडा काढून सतारीच्या तरफेच्या तारा दांडीतील बारीक भोकांतून बाहेर ओढण्याची सोय केलेली. एका काठीला एकीकडे खिळा, दुसरीकडे पेन्सिल बांधली की झाले कंपास. तबलीची गोलाई तपासायला पत्र्याचे फर्मे, आणि लाकूड शेवटी गुळगुळीत करायला फुटक्या काचेची कड. काचेची ताजी कड लाकडावरून असा पातळ पापुद्रा काढते की कागदी पॉलिशला ते साधत नाही, हे मी तेथे पाहिले.

जोड आवळण्यासाठी लोखंडी शिकंजे थोडेच होते. मुख्य काम सुतळीचे. गोलाकार भोपळ्यावर सरळ शिकंजा घसरतो. सुतळी मात्र अंगासरशी बसते. तिचे वेढे घालून मध्ये लाकडी पाचरी ठोकल्या की प्रत्येक ठिकाणी हवा तेवढाच दाब देता येतो. जेथे जोड अधिक घट्ट हवा, तेथे पाचर आणखी एक टोला खाली.

मुलगा म्हणाला, “आई, गिटार करणारेही अगदी असेच करतात.” त्याने यापूर्वी कधी घरी हे सांगितले नव्हते. गिटारच्या बाजूच्या पातळ पट्ट्या वाकविण्यासाठी जगभरचे छोटे कारागीर लोखंडी नळीचा तुकडा आतून तापवितात आणि ओली पट्टी त्यावर दाबत दाबत वळवितात. वरच्या फळीला आतून काड्या चिकटविताना बाक आणि वरचे फळकूट यांच्या मध्ये बांबूच्या लवचीक काठ्या वाकवून उभ्या करतात. काठीचा ताणच शिकंज्याचे काम करतो. लाकडी चकत्या आणि आटे पाडलेल्या सळ्या यांचे शिकंजे तर पुष्कळजण घरीच करतात. स्पेनमधील अँटोनिओ दे तोर्रेस यांनी आजच्या गिटारचा आकार रूढ केला. त्यांनी १८६२ साली एक गिटार अशी केली की तिची पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या होत्या. नाद मुख्यतः वरची फळी देते, हे त्यांना दाखवावयाचे होते. ती गिटार आजही बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे.

चाचांनी हे ऐकले आणि काहीही न बोलता आमच्या तंबोऱ्याच्या तबलीवर बोटाच्या पेराने टकटक केली. एकदा मध्यभागी, एकदा कडेला. मग मुलाकडे पाहून मान डोलावली. तोर्रेसचे म्हणणे त्यांना मान्य होते.

जुना सरस, नवा डिंक

दुरुस्तीचा पहिला दिवस आमच्या गावच्या डिंकाने खाल्ला. मूळ जोड सरसाचा होता. सरस उष्णतेने आणि ओलाव्याने सुटतो. कोमट पाण्यात भिजविलेले फडके जोडावर ठेवले की काही वेळात तो हात सोडतो. वाद्य उघडून, दुरुस्त करून पुन्हा मिटता यावे म्हणून जुने कारागीर तोच वापरीत. पांढऱ्या डिंकाचे तसे नाही. उन्हात तो मऊ होऊन सरकतो, पण पूर्ण सुटत मात्र नाही. त्याचा एकेक कण सुरीने खरवडून काढावा लागला.

येथेच मला पहिल्यांदा अडखळायला झाले. सरस कशाचा करतात, हे मी विचारले. जनावरांच्या कातड्यापासून आणि हाडांपासून, असे उत्तर आले. इतकी वर्षे स्तवनाला साथ करणाऱ्या वाद्याचा जोड त्याचा होता, आणि आम्हाला कोणाला ते ठाऊक नव्हते. चाचांनी माझा चेहरा पाहिला असावा. नव्या वाद्यांना ते स्वतःच सरस वापरीत नाहीत, उष्णता सोसणारा कृत्रिम डिंक वापरतात, असे ते म्हणाले. तोटा एवढाच की पुढे कधी जोड उघडायची वेळ आली, तर काम कठीण जाईल. मी तो तोटा पत्करला.

पण खरा प्रश्न पुढे होता.

घोडीचा प्रश्न

तंबोऱ्याच्या तबलीवर ज्या रुंद पाटासारख्या तुकड्यावरून तारा जातात, ती घोडी. गिटारमध्ये तार एका अरुंद कडेवर टेकते आणि लगेच मोकळी होते. तंबोऱ्यात तार घोडीच्या रुंद, किंचित उतरत्या पृष्ठभागावर पसरून टेकते आणि कंप पावताना त्या उतारावर पुन्हा पुन्हा अलगद घासते. त्या घासण्यातून मूळ सुराबरोबर वरचे अनेक सूर झणकारू लागतात. यालाच जवारी म्हणतात. तार ज्या बिंदूवर छेडली त्या बिंदूशी निगडित काही उपसूर नियमाने ऐकू येऊ नयेत. तंबोऱ्यात मात्र ते स्पष्ट येतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली आपल्या तंतुवाद्यांवरील निबंधात हेच दाखविले आणि त्याचे कारण घोडीच्या या घडणीत असल्याचे सांगितले. शास्त्रज्ञाच्या कितीतरी आधी कारागिराच्या कानशीला ते गवसले होते.

आमच्या तंबोऱ्याची घोडी झिजली होती. चाचांनी ती उजेडात धरली, नखाने खरवडली आणि सांगितले की हे सांबरशिंग आहे.

पूर्वी उत्तम घोडी सांबरशिंगाची किंवा हस्तिदंताची होत असे. शिंग दाट असते, कानस घेते, सहजी झिजत नाही आणि नाद लखलखीत ठेवते. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ सालचा. तो आणि त्यातील पुढच्या सुधारणा यांमुळे हा व्यापार बंद झाला. नर सांबराची शिंगे दरवर्षी आपोआप गळून पडतात, हे खरे. मग गळालेले शिंग घेण्यात काय दोष, असे कोणी विचारील. पण बाजारात आलेला तुकडा गळालेल्या शिंगाचा की मारलेल्या जनावराचा, हे तो तुकडा सांगत नाही. मागणी असली की जंगलात बंदूक जाते. आज पुष्कळ ठिकाणी उंटाचे हाड वापरतात. ते कायद्यात बसते. आपल्या प्रश्नाचे उत्तर मात्र त्यात मिळत नाही.

श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत दंतवाणिज्य आणि लाक्षावाणिज्य यांची नावे आपण लहानपणापासून ऐकतो. दात, हाड, शिंग यांचा व्यापार आणि लाखेचा व्यापार. ही नावे मला नेहमी कोणा दूरच्या व्यापाऱ्यासाठी सांगितलेली वाटत. त्या खोलीत बसून कळले की ती आमच्या दिवाणखान्यातही होती. घोडीत शिंग, पॉलिशमध्ये लाखेची चपडी.

मी दादीजींना फोन लावला. त्यांना हे सांगावे की न सांगावे, याचा विचार गाडीत केला असता तर कदाचित सांगितलेच नसते. ज्या वाद्याशी त्यांचे सारे पुण्यस्मरण जोडलेले, त्यावर असा डाग कशाला? पण निर्णय त्यांचाच होता. सर्व ऐकून त्या बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी विचारले, “लाकडाची होते का?”

चाचांनी सांगितले, होते. आबनुसाची घोडी चांगली लागते. सूर थोडा मऊ येईल, आणि शिंगापेक्षा लवकर झिजेल, तेव्हा जवारी अधिक वेळा काढावी लागेल. दादीजी म्हणाल्या, “झिजू दे. माणूसही झिजतोच की.” आणि त्यांनी फोन ठेवला.

एका संध्याकाळची जवारी

नवी घोडी घडविताना जुनीच नमुन्याला समोर होती. आबनुसाचा काळाभोर तुकडा कापून, पाय तबलीच्या बाकाला जुळवून, वरचा उतार कानशीने काढण्यास त्यांनी दुपारी आरंभ केला. येथे माप नाही. पट्टी, फर्मा काही नाही. शिंगासाठी जो उतार बरोबर, तो लाकडासाठी तसाच चालत नाही, म्हणून जुनी घोडी दिशा दाखविते, उत्तर देत नाही.

चाचा कानशीचे पाच-सहा हलके हात मारीत, घोडी तबलीवर ठेवीत, तार चढवीत, छेडीत. मग तार उतरवून घोडी उजेडाकडे तिरपी धरीत. तार जेथे टेकली तेथे बारीक चकाकीची रेघ उमटते. ती रेघ सलग हवी. मध्ये तुटली तर तेथे खोल गेले आहे. एका जागी जाड झाली तर तेथे उंचवटा आहे. पुन्हा कानस. चार तारा, पंचम, जोडीचे दोन षड्ज आणि खर्ज. प्रत्येकीची जाडी निराळी, म्हणून प्रत्येकीची जागा निराळी घडवावी लागते. शेवटी तार आणि घोडी यांच्या मध्ये सुताचा बारीक धागा सरकवितात. तो केसभर पुढे-मागे करताच बंद असलेला सूर उमलतो. तो धागा म्हणजे कशिद्याच्या सुताचा एक तुकडा. त्याची किंमत करता येणार नाही इतका तो स्वस्त आहे.

मुलाच्या हाती त्यांनी अर्धा तास एक टाकाऊ घोडी आणि कानस दिली. त्याने उतार काढला. तार लावली तेव्हा नुसता ठणठणीत आवाज आला. चाचांनी त्यावर दोन हात मारले, आणि त्याच तारेतून झंकार आला. त्यांनी काय केले हे मुलाने विचारले. त्यांना ते शब्दांत सांगता आले नाही. त्यांनी दुसरी टाकाऊ घोडी त्याच्या हाती दिली.

संध्याकाळी खोलीत दिवा लागला तेव्हा तंबोरा बोलू लागला होता.

अवजार आपले, निवड आपली

परतीच्या गाडीत मी एका गोष्टीचा विचार करीत होते. शिंगाऐवजी लाकूड, सरसाऐवजी दुसरा डिंक, हे बदल त्या खोलीत एका दुपारी होऊ शकले, कारण तेथील अवजारे त्या माणसाने स्वतः घडविली होती. साहित्य बदलले की त्याला हात बदलता येत होता. ठरावीक मापाचा तयार भाग बसविणाऱ्या कारखान्यात माझ्या प्रश्नाला जागाच नव्हती. तेथे विवेकाला विचारायला कोणी नसते. आज मोबाइलमध्ये तंबोरा वाजतो, आणि प्रवासात, रियाजात तो उपयोगीही पडतो. पण मोबाइलला आपण घोडी बदलायला सांगू शकत नाही. अशी घरे टिकली तरच आपल्याला निवड करण्याचे स्वातंत्र्य टिकते. चाचांचे दोन्ही पुतणे दुसऱ्या कामाला लागले आहेत. त्यांची पेटी पुढे कोण उघडणार, हे त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

सर्व काही निर्दोष झाले, असे मी म्हणणार नाही. जुन्या पॉलिशमधील चपडी तशीच आहे. पण एक पाऊल डोळसपणे टाकले गेले.

गाडी चाळीसगावला पोहोचली. स्थानकाजवळच कलामहर्षी केकी मूस यांचे घर आहे. वर्षानुवर्षे घराबाहेर न पडता, टेबलावर घरगुती वस्तू मांडून त्यांतून त्यांनी डोंगर, वाटा आणि ऋतू यांची छायाचित्रे उभी केली. त्या घरावरून जाताना मुलगा म्हणाला, “यांच्याकडेही अशीच पेटी असेल.”

घरी तंबोरा दादीजींच्या मांडीशी ठेवला. त्यांनी चारही तारा एकदा छेडल्या, मग पुन्हा. सूर पूर्वीपेक्षा मऊ होता, हे मलाही कळत होते. त्यांनी घोडीवरून बोट फिरविले आणि म्हणाल्या, “पंचम थोडा उतरला आहे.” मुलाने खुंटी पिळली, मणी किंचित सरकविला. पंचम लागला. मग त्यांनी स्तवन आरंभिले.

ज्यांच्या घरी असे वाद्य आहे, त्यांच्यासाठी मिरजेत शिकलेल्या चार गोष्टी. खानदेशी उन्हाळ्यात तंबोरा पश्चिमेच्या भिंतीला टेकवू नये, तेथे भिंतच तापते. कूलरचा किंवा पंख्याचा झोत थेट त्यावर येऊ देऊ नये. बरेच दिवस वाजविणार नसाल तर तारा थोड्या सैल कराव्यात. आणि जोड उकललाच, तर घरच्या घरी डिंक भरण्याआधी जाणत्याला दाखवावे.

माझा मुलगा सध्या करवतीचे एक मोडके पाते घासून सुरी करीत आहे. मूठ बांधायला त्याने माझी जुनी ओढणी मागून नेली आहे.